बोगनवेलीला तहान लागू द्या
कोथरूडच्या गच्चीवरची बोगनवेल नुसती पानांनी भरते, फुलतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. रोज पाणी घालत असाल तर कारण बहुधा तेच. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, कोरडी माती तिला सोसते. वरची दोन-तीन बोटं माती कोरडी होईपर्यंत थांबा, मग भरपूर पाणी द्या. (आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरं फूल आतलं, इवलंसं पांढरट.) पावसाळा संपला की छाटा, बहर नव्या फांदीवर येतो. युरिया बंदच करा, त्यानं नुसती पानं वाढतात. ऊन मात्र किमान सहा तास हवं.

खाली अंगणात जागा असेल तर कण्हेर लावा, मे महिन्यातही फुलते. पण तिचं पान, फूल, चीक सगळंच विषारी. घरात लहान मुलं असतील तर नकोच.