फिटच्या गोळ्या आणि आईची प्रार्थना

प्रश्न: धाकट्या भावाला फिट येतात. गोळ्यांवर चार महिने एकही आली नाही. आई म्हणते, हा प्रार्थनेचा गुण. ती ज्यांच्याकडे प्रार्थनेला जाते त्यांनी सांगितलं, 'श्रद्धा असेल तर गोळ्या सोडा.' याने सोडल्या. चौथ्या दिवशी अंघोळ करताना पडला, भुवईला पाच टाके. 'थोतांड' म्हटलं की आई उठून जाते. बोलू कसं?

प्रतिसाद 1: बोलणं नंतर. गोळ्या अचानक थांबवल्या की लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकतं. आजच डॉक्टरांना कळवा, चुकलेले डोस मनाने भरून काढू नका. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट इस्पितळ.

प्रतिसाद 2: 2006 मध्ये बायपासच्या 1,802 रुग्णांवरचा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की ठाऊक होतं, त्यांच्यातल्या 59 टक्के जणांत गुंतागुंत झाली, इतरांपेक्षा जास्त. दाखवा आईला.

प्रतिसाद 3: आकडे दाखवून कुठली आई ऐकलीय! माझे वडील बीपीच्या गोळ्या घेत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी वाद घातलाच नाही. विचारलं, "प्रार्थना किती वाजता?" रात्री नऊला. "मग गोळी तेव्हाच." गोळ्यांची डबी जपमाळेशेजारी गेली, ती आजवर तिथेच आहे. गोळ्या सोडायला सांगणाऱ्या माणसाला मात्र मी स्वतः जाऊन भेटलो असतो. तिथे गोड बोलायची गरज नाही.

प्रश्नकर्ती: डॉक्टरांना फोन केला, उद्या बोलावलंय. आईलाही नेतेय. नऊची युक्ती त्यांच्याच तोंडून वदवून घेते.