त्साव म्हणजे कासव नव्हे

बायबलच्या लेवीय या पुस्तकात (११:२९-३०) जमिनीवर सरपटणाऱ्या अशुद्ध प्राण्यांची यादी आहे. तिच्यातल्या ‘त्साव’ या हिब्रू नावाचं मराठी भाषांतर ‘कासव’ असंच ठेवावं, असं एकानं सुचवलं आहे. मला ते अजिबात पटत नाही. आजच्या हिब्रूत त्साव म्हणजे कासव, हे खरं. पण आजच्या बोलीवरून तेव्हाचा प्राणी ठरवता येत नाही. अरबीतला ‘दब्ब’ हा त्याचाच भाऊबंद शब्द, आणि दब्ब म्हणजे सिनाई-नेगेवच्या वाळवंटात बिळं करून राहणारा, काटेरी शेपटीचा जाडजूड सरडा. आपल्याकडे राजस्थान-कच्छमध्ये सापडणारा सांडा त्याच्याच कुळातला. शिवाय इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात इथे ‘जमिनीवरची मगर’ असा शब्द आहे. म्हणजे त्या भाषांतरकारांच्या डोळ्यांसमोरही सरपटणारा, लांब शेपटीचा प्राणीच होता. कासव आलं ते १६११च्या इंग्रजी बायबलसारख्या भाषांतरांतून.

त्याच यादीतल्या ‘कोआख’साठी घोरपड मला योग्य वाटते. त्या शब्दाचा अर्थच ‘बळ’, आणि त्या प्रदेशात वाळवंटी घोरपड आहेच. तरी हे त्सावइतकं पक्कं नाही.

खरी अडचण यादीतल्या ‘तिनशेमेत’ या नावाची. हेच नाव ११:१८ मध्ये पक्ष्यांच्या यादीतही आहे! या शब्दाचं मूळ ‘श्वास घेणे’ या क्रियापदात आहे, त्यामुळे सरपटणाऱ्यांच्या यादीत अंग फुगवणारा सरडगुहिरा (रंग बदलणारा सरडा) शोभतो. पक्ष्यांमध्ये मात्र अनेकजण घुबड घेतात. दोन्हीकडे एकच मराठी शब्द वापरायचा हट्ट इथे सोडावाच लागेल. तळटीप द्या, पण प्राणी वेगळे ठेवा.