सातवीची मुलं वाक्यालाच प्रश्नचिन्ह जोडून देतात, काय करावं?

सातवी_ब (परळ):
माहितीपर उतारा वाचताना प्रश्न काढायला सांगितले की वहीत ‘पाऊस किती पडला?’, ‘पूर कधी आला?’ एवढंच येतं. उतारा २६ जुलै २००५ च्या पावसावरचा, ३५० शब्दांचा. कोण-काय-कधी-कुठे-का-कसं हा तक्ता भिंतीवर आहेच. पट ४८, तास ३५ मिनिटांचा.

खडू_फळा:
तक्ता काही दिवस उतरवूनच ठेवा. तो समोर असला की मुलं आधी प्रश्नाचा शब्द निवडतात आणि मग त्यात बसणारं वाक्य शोधतात. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ची सवय, दुसरं काय! त्याऐवजी उताऱ्यात आधीच थांबे ठरवा: जिथे आकडा येतो, किंवा लेखक कारण न सांगता पुढे जातो. तिथे मोठ्यानं अडखळा: ‘सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७४ च्या आसपास? एकाच शहरात?’ उत्तर देऊ नका. दोन मिनिटं शांतता, प्रत्येकाची एक चिठ्ठी. पहिल्यांदा बऱ्याच चिठ्ठ्या तुमचीच नक्कल असतील, चालेल. पुढच्या थांब्याला तुम्ही गप्प.

मिठीकाठ:
चिठ्ठ्या नुसत्या वाचून दाखवू नका. फळ्यावर तीन रकाने आखा: ‘ओळीत सापडतं’, ‘दोन ओळी जोडून कळतं’, ‘बाहेर शोधावं लागतं’. कुठली चिठ्ठी कुठे, हे मुलांनीच उतारा उघडून ठरवायचं. वाद झाला तर ओळीवर बोट ठेवायचं.
खरा माल मधल्या रकान्यात. ‘मिठी नदी कुठे मिळते?’ पहिल्यात. ‘भरती नसती तर पाणी लवकर ओसरलं असतं का?’ हा मात्र भरतीची ओळ आणि माहीमच्या खाडीची ओळ जोडल्याशिवाय सुचत नाही.
पहिल्या रकान्याला हिणवू नका. नाहीतर ‘निसर्ग का कोपतो?’ छाप भारदस्त, पोकळ प्रश्न सुरू होतात. त्यांना उताऱ्याची गरजच नसते.

खडू_फळा:
आणि गुण तर अजिबात देऊ नका. गुण आले की हुशार मुलाचा प्रश्न बाकावरून बाकावर फिरतो.

सातवी_ब (परळ):
३५ मिनिटांत बसेल हे?

मिठीकाठ:
उतारा अर्धाच घ्या. दोन थांब्यांसकट वाचन आणि चिठ्ठ्या १५ मिनिटं, रकाने १५. उरलेल्या पाचात तिसऱ्या रकान्यातला एकच प्रश्न निवडा आणि तो कोणाला विचारायचा ते ठरवा: हवामान खात्याची नोंद, की घरातलं मोठं माणूस? परळला त्या दिवशी चालत घरी आलेले आजोबा सापडतीलच.