शब्दचर्चा: पाठीला ‘पोक’, ‘कुबड’ की ‘बाक’?

डिचोलीहून: आमच्या वाचनालयातर्फे ज्येष्ठांसाठी ठिसूळ हाडांवर एक पत्रक काढतोय. पाठ वरच्या भागात पुढे वाकते, त्याला डॉक्टरांनी ‘कायफोसिस’ लिहून दिलंय, मी त्याचं ‘पृष्ठवक्रता’ केलं. आईला वाचून दाखवलं. ती आदोळीवर नारळ खवत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘हे कुठलं नक्षत्र?’’ दुसरा शब्द सुचवा.

म्हापशाहून: ‘कुबड’ की! एवढा काय विचार करायचा?

फोंड्याहून: कुबड नको. ‘कुब्ज’च्या कुळातला शब्द, आणि ‘कुबडा’ ही तर हाक मारायचीच रीत. भागवतातली कुब्जा त्रिवक्रा, तीन ठिकाणी वाकलेली. कृष्णाने तिच्या पायांवर पाय ठेवले, हनुवटीखाली दोन बोटं घालून उचललं आणि ती सरळ झाली. सत्तरीतल्या बाईला कुणी असं सरळ करायला जाऊ नये, आणखी एखादा मणका जायचा. पत्रकात ‘पोक’ लिहा.

म्हापशाहून: पोक म्हणजे मास्तर ओरडायचे ते, ‘‘पोक काढून बसू नकोस.’’ ती खोड झाली. हा आजार आहे.

फोंड्याहून: तिथेच तर मराठी क्रियापद कामाला येतं. पोक ‘काढतात’ आणि पोक ‘येतं’. काढलेलं पोक सांगितलं की जातं. आलेल्या पोकावर ‘ताठ बस गो’ म्हणून नुसतं डाफरणं हा म्हातारीवर अन्याय. पाठीच्या वरच्या भागाला मागे थोडा फुगवटा सगळ्यांनाच असतो, साधारण 20 ते 40 अंश. हाडं विरळ झाली की मणका पुढून दबतो, मागून तसाच राहतो, म्हणजे पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन झाले की पाठ पुढे कलते, उंचीही घटते. त्यासाठी पडावंच लागतं असं नाही, भरलेली कळशी उचलताना होऊ शकतं. मात्र पोक आलेल्या प्रत्येकाचा मणका मोडलेला नसतो हेही लिहा. अनेकांच्या पाठीचे स्नायू दुबळे झालेले असतात, मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या असतात. स्नायूंना व्यायामाने बळ येतं. फक्त ठिसूळ हाडांवर पुढे वाकायचे, पीळ द्यायचे व्यायाम मनाने करू नयेत.

डिचोलीहून: माझी मावशी आठवली. फडताळातला वरचा डबा आधी सुटला. मग पाटावरून उठताना गुडघ्यावर हात आला. आता कदंबा बसची पायरी चढताना नजर जमिनीला, मागचे लोक घाई करतात. आम्ही ‘वय झालं’ म्हणत राहिलो.

फोंड्याहून: हेच पत्रकात घाला. चाल मंदावते, तोल पुढे जातो, पडायची भीती वाढते. पोक फार असेल तर छातीला फुलायला जागा नाही, म्हणून दमही लागतो.

म्हापशाहून: बरं, मग ‘बाक’? कोंकणीत आम्ही ‘फाट बागवल्या’, म्हणजे पाठ वाकलीय, म्हणतो, तसं.

फोंड्याहून: बाक मला कोयत्याचा वाटतो. आणि ‘कमरेत वाकली’ हे निराळंच, तिथे वाक खाली असतो. पोक खांद्यांच्या मधोमध.

डिचोलीहून: ऑस्टिओपोरोसिसला ‘अस्थिसुषिरता’ करू का?

फोंड्याहून: शब्द देखणा आहे. सुषिर म्हणजे छिद्रं असलेलं, म्हणून सनई-बासरी ही सुषिर वाद्यं. ‘ठिसूळ’ हा परिणाम, ‘सुषिर’ हे आतलं कारण. पण आईंना पुन्हा नक्षत्रच वाटेल. ‘ठिसूळ हाडं’ ठेवा, कंसात ऑस्टिओपोरोसिस, कारण रिपोर्टवर तेच येतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे 2.5 किंवा त्याहून खाली असला की तसं निदान करतात.

डिचोलीहून: शेवटी घरी करून बघण्यासारखं काहीतरी हवं. भिंतीला टाचा आणि पाठ लावून, समोर बघत उभं राहायचं. पोक असेल तर डोकं भिंतीला टेकत नाही. त्या मधल्या अंतराला काय म्हणू?

म्हापशाहून: ‘चार बोटं’ म्हणा. पट्टी शोधायला कोण उठतंय!