अवरक्तात चमकतं ते सगळं ताऱ्यांचं नसतं

अनेकदा म्हणतात की दीर्घिका अवरक्तात (इन्फ्रारेड प्रकाशात) जितकी तेजस्वी, तितके तिथे जास्त तारे जन्मताहेत, कारण कोवळे तारे तापवतात ती धूळ अवरक्तात चमकते. साध्या दीर्घिकेत हे बऱ्यापैकी चालतं. पण केंद्रातलं कृष्णविवर सक्रिय असेल तर हिशेब फसतो, कारण तेही आसपासची धूळ तापवतं. मग वर्णपट काढावाच लागतो, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून बघायचा. 12.8 मायक्रॉन तरंगलांबीची निऑनची रेषा कोवळ्या तप्त ताऱ्यांजवळही मिळते, 14.3 मायक्रॉनच्या रेषेसाठी मात्र निऑनचे चार इलेक्ट्रॉन उडालेले असावे लागतात. चौथा काढायलाच सुमारे 97 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा! नेहमीच्या ताऱ्यांना ते झेपत नाही, त्यामुळे ती ठळक दिसली की कृष्णविवरावरच संशय घ्यायचा.

एनजीसी 7469 ही सक्रिय कृष्णविवर असलेली दीर्घिका बघा. तिच्या केंद्राभोवती ताऱ्यांच्या जन्माचं कडं आहे, त्रिज्या साधारण दीड हजार प्रकाशवर्षं, पण आपल्याला दिसतं जेमतेम तीन विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) रुंद. स्पिट्झर या जुन्या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा आरसा 85 सेंमीचा, त्यामुळे मध्य-अवरक्त वर्णपटात केंद्र आणि कडं एकमेकांत मिसळून यायचं. 2022 मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मिरी या मध्य-अवरक्त उपकरणाने दोन्हींचे वर्णपट वेगवेगळे काढले. जुन्या पेपरातला तारानिर्मितीचा आकडा दिसला की मी तरी आधी दुर्बीण कुठली होती ते बघतो.