बाली: आवडलं पण आणि नाही पण. तुमचे अनुभव लिहा

नुकतीच बालीहून आलेय. एकटी, पाठीवर सॅक, रात्री होस्टेलच्या डॉर्ममधे. ऑफिसात सगळे "मस्तच असेल ना!" म्हणतात, मी हो म्हणते आणि विषय बदलते. म्हणजे मस्त होतंच, पण चांगूहून उबुदला जाताना स्कूटर-गाड्यांच्या गर्दीत असे काही अडकलो की म्हटलं हे तर हिंजवडीत फुकट मिळतं. आणि मग सकाळी होस्टेलच्या दारात एक काकू नारळाच्या पानांच्या इवल्याशा द्रोणात फुलं, चार शितं भात नि उदबत्ती ठेवताना दिसायच्या आणि सगळी चिडचिड कुठल्या कुठे. चनांग सारी म्हणतात त्याला, रोज ठेवतात, दुकानासमोर, स्कूटरवर, कुठेही.
तर ज्यांना असंच धड हे ना धड ते वाटलं त्यांनी लिहा. आयटिनररी नको प्लीज, त्या ढिगाने मिळतात.

---
उंडगी

लेम्पुयांगचं देऊळ! तो दोन उंच दरवाज्यांमधून अगुंग ज्वालामुखी आणि खाली पाण्यात प्रतिबिंब असा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. तिथे पाणीबिणी काही नाही हो, तिथला माणूस मोबाईलच्या कॅमेऱ्याखाली आरसा धरतो. टोकन घ्यायचं, तासन्‌तास बसायचं, नंबर आला की उडी मारून एक पोझ, हात वर करून एक, चला पुढचा. आणि अगुंग ढगात. मी वैतागून टोकन सोडलं नि वरच्या मूळ देवळाकडे निघाले, सतराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, धुकं, माकडं, पांढऱ्या कपड्यातली बालीची माणसं डोक्यावर नैवेद्याच्या टोपल्या घेऊन चढतायत, आणि खालच्या त्या एवढ्या रांगेतलं वर कोणी म्हणजे कोणी नाही. ट्रिपमधली सगळ्यात सुंदर सकाळ.

---
गवार

शाकाहारी लोकांनो, व्हेज सांगितलं तरी सांबालमधे (तिथली मिरचीची चटणी) बहुतेक वेळा तेरासी असते, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला प्रकार. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) खा, सुखी राहा. बाकी मला फार काही वाटलं नाही.

---
म्हापसेकर

मी गोव्याचा, त्यामुळे माझी पंचाईत वेगळी. उबुदच्या आसपास ठिकठिकाणी बोर्ड, इथे ग्रॅब-गोजेकला बंदी, लोकल टॅक्सीच घ्या. बाकीचे बॅकपॅकर माफिया माफिया म्हणून ओरडत होते आणि मी गप्प, कारण ॲपवरच्या टॅक्सीवरून आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच भांडण चालू आहे आणि माझा मावसभाऊ टॅक्सीवाला आहे. जातीलुविहची भातशेती बघून मात्र खरंच भरून आलं. सुबाक म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत, कोणाला कधी पाणी हे पाण्याच्या देवळांभोवती ठरतं, शेकडो वर्षं चालू आहे, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेली. आणि तिकडे चांगूला बघा तर शेताला शेत लागून व्हिला, प्रत्येकाला स्विमिंग पूल. आमच्या गोव्यात आसगावला हेच बघून मी बाहेरच्यांना शिव्या घालतो, आणि चांगूत मी स्वतः शेत बुजवून बांधलेल्या होस्टेलमधे राहिलो, स्वस्त होतं म्हणून. पुन्हा गेलो तरी तिथेच राहीन बहुतेक, खोटं कशाला बोलू.

---
चकली

"हिंदू बेट" म्हणून भारावून जाणाऱ्यांना माझा नमस्कार. जवळजवळ प्रत्येक मोठ्या देवळाबाहेर पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये असा ठळक इंग्रजी बोर्ड आहे. आपल्याकडे नजरेने सांगतात, तिथे लिहून. सगळ्या पुरुषमंडळींच्या ब्लॉगमधे हा बोर्ड कसा दिसत नाही देव जाणे.
पण देवळांत एक गोष्ट आवडली, पद्मासन नावाचं उंच दगडी आसन असतं आणि ते रिकामं. मूर्ती नाहीच. मी बराच वेळ त्याच्यासमोर बसून होते.

---
अर्धवटराव

२०२३ ला न्येपीत सापडलो आणि तेवढ्यासाठी बालीला सगळे गुन्हे माफ. न्येपी म्हणजे त्यांचं शक नववर्ष, त्या वर्षी २२ मार्चला आपला गुढीपाडवाही तोच दिवस, त्यांचाही शक १९४५ नि आपलाही. आपल्याकडे ढोलताशे, तिकडे चोवीस तास पूर्ण बंद: विमानतळ बंद, दिवे नाहीत, मोबाईल डेटा नाही, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, पेचालांग म्हणजे गावचे राखणदार फिरत असतात. आदल्या रात्री मात्र ओगोह-ओगोह नावाचे अक्राळविक्राळ राक्षस नाचवतात. डॉर्ममधली दोन पोरं दिवसभर कुरकुरत होती, पैसे वाया गेले म्हणे. रात्री गच्चीवर आलो तर दक्षिण बालीत, जिथे एरवी क्लबांचे लाईट, तिथे आकाशगंगा. कुरकुरणारेही गप्प झाले.

---
उंडगी

अर्धवटराव, जळले मी.

---
टोपणनाव नाही

१४ फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसाच्या पैशांखेरीज दीड लाख रुपिया पर्यटक कर आहे. शून्यं बघून घाबरू नका, हजार रुपयांच्या आत बसतं. द्यायला ना नाही, पण जानेवारीत कुटाला गेलात तर पश्चिमेच्या वाऱ्याने आलेलं प्लास्टिक ढिगाने किनाऱ्यावर पडलेलं दिसेल, सकाळी लोकल पोरं गोळा करतात नि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. शेजारी सर्फिंगचे क्लास चालूच.

---
म्हापसेकर

जून ते सप्टेंबरमधे जा, किनारा बरा असतो. गर्दी मात्र डबल.