मदत हवी आहे: तीन मूर्तीतले टी. एन. कौल यांचे कागद

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात चारच दिवस दिल्लीत आहे. तीन मूर्ती भवनाच्या आवारातल्या ग्रंथालयात (जुनं नेहरू मेमोरियल, २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय) टी. एन. कौल यांचे खासगी कागद पाहायचे आहेत. १९७१ साली ते परराष्ट्र सचिव होते आणि ९ ऑगस्टच्या भारत-सोव्हिएत कराराआधीचा पत्रव्यवहार हा माझा विषय. तिथेच पी. एन. हक्सर (तेव्हाचे इंदिरा गांधींचे सचिव) यांचेही कागद आहेत. दोघांची पत्रं शेजारी ठेवून वाचायचा मोह आवरत नाही, पण चार दिवसांत किती होणार!

कुणी अलीकडे तिथे बसून काम केलंय का? गाईडचं पत्र पुरतं की विभागप्रमुखांचा शिक्का लागतो? फाइली आदल्या दिवशी मागवाव्या लागतात का? फोनने फोटो काढू देतात की झेरॉक्सच? हक्सरांच्या कागदांना तळटिपांत 'तिसरा हप्ता' (म्हणजे ग्रंथालयाकडे टप्प्याटप्प्याने आलेल्या कागदांचा तिसरा गठ्ठा) असं लिहितात; मागणीच्या चिठ्ठीवर तो क्रमांक लिहावा लागतो का?

परराष्ट्र मंत्रालयाच्या फाइलींसाठी जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही जायचंय, पण त्यातल्या काही 'अभिलेख पटल' या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या सापडतील, म्हणून ते शेवटच्या दिवसावर ढकललंय. चुकतोय का? आणि हो, जवळपास स्वस्तात राहायची सोय कुठे?